राखग्रहाची जमीन आणि बार्टीची हनुवटी

कूबर पीडी
बुधवार. बाहेर सत्तेचाळीस अंश, घरात चोवीस.

चि. वेस्ना हीस,

जमिनीखाली साडेसहा मीटरवर, खडकात कोरलेल्या घरातून झ्वोन्कोमामाचे आशीर्वाद. ते वर येऊन, पोस्टाच्या गाडीत बसून मेलबर्नला पोचेपर्यंत थोडे वितळलेले असतील, तरी आहेत तसे घे. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तू कशी आहेस हे विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस (सहा आठवडे फोन उचललेला नाहीस), म्हणून ठीक असशील असं धरून चालतो. वेळेवर जेवत असशील असंही धरून चालतो, पण हे दुसरं धरताना हात जरा सैल पडतो.

हे पत्र मी तुझ्या आईच्या हुकमावरून लिहितो आहे. काल नेवेंकाने मला बोलावून घेतलं, समोर कागद ठेवला, पेन ठेवलं आणि कोबीत खिमा गुंडाळलेल्या सार्माची बशी ठेवली, ती मात्र हात पोचणार नाही इतक्या लांब. म्हणाली, "दादा, तिला लिही. माझ्या पत्राला उत्तर येत नाही, तुझ्या पत्राला येईल. हवा लिही, माझा गुडघा लिही, कुत्रीला पिल्लं झाली ते लिही. पण त्या गेमबद्दल एक शब्द काढलास तर याद राख." मी मान डोलावली. माझी मान तुला ठाऊक आहे, ती नुसती डोलते, ऐकत नाही. तर, हवा: वर लिहिली आहे. गुडघा: डावा, सुजलेला. कुत्री: पाच पिल्लं, बाप क्लबवाल्या बार्टीचा कुत्रा, आणि त्याबद्दल बार्टीने अजून साधं तोंडदेखलं वाईटही वाटून घेतलेलं नाही. झालं, हुकूम पाळला. आता गेमबद्दल.

तू आईला पाठवलेलं चार ओळींचं कार्ड मी वाचलं आहे. (तिने दाखवलं नाही. ते फ्रीजवर लावलेलं आहे, आणि फ्रीजपाशी जायला मला अजून कुणाची परवानगी लागत नाही.) तुझ्याच शब्दांत: गेम बुडाला, त्यातली जमीन मीच बनवली होती, मार्चच्या पहिल्या सोमवारी दुरुस्ती बाहेर पडली की राजीनामा देते, अ‍ॅडलेडला एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची जागा आहे, तिथे अर्ज केला आहे, ईस्टरला येत नाही, गावाला कोणतं तोंड दाखवू. चार ओळींत एवढं मावतं हे मला माहीत नव्हतं. नेवेंका ते कार्ड रोज वाचते आणि मग फोनशेजारच्या खुर्चीत जाऊन बसते. भाजी चिरते ती तिथे बसून, कपड्यांच्या घड्या घालते त्याही तिथेच. आणि मी काय म्हणतो, दातांच्या दवाखान्याशी माझं काही वाकडं नाही, माझे स्वतःचे अजून तेरा शिल्लक आहेत. पण जिने सातव्या वर्षी आईच्या स्वयंपाकघरातल्या खडकाच्या भिंतीवर खडूने अख्खा ग्रह काढला, डोंगर, वाटा, कुठे काय पिकतं सगळं, तिने जन्मभर लोकांना "बसा, तुमचा नंबर यायचाय" सांगावं हे मला झोंबतं. जगाने मला पुष्कळदा मामा बनवलं आहे, पण हक्काने बनवलं ते तू एकटीने, जन्माला येऊन. तेव्हा तेवढ्या हक्काने लिहितो. ऐकून घे.

आता मूळ पदावर येतो. 'राखग्रह'चे तिन्ही सिनेमे आपल्या गावाच्या मागच्या माळावर काढले, हे तुला मी सांगायला नको. पण सांगणारच, कारण मला त्यात आनंद आहे. दुसऱ्या भागात मी रक्षक क्रमांक सहा होतो. एकेचाळिसाव्या मिनिटाला नायिका मला समोरून किरणांच्या बंदुकीने मारते. दिग्दर्शकाचं म्हणणं, छातीत किरण लागला की माणूस मागे पडतो, तूही मागे पड. मी म्हटलं, साहेब, या माळावर मी मागे पडत नाही, इथे दर चार पावलांवर कुणीतरी ओपलसाठी खणून सोडलेलं भोक आहे आणि त्याला कठडा नाही. तो म्हणाला, ही जागा आम्ही तपासली आहे. मी म्हटलं, तुम्ही तपासली, माझ्या पाठीने तपासलेली नाही. अकरा वेळा त्याने मला मारलं आणि अकरा वेळा मी पुढे पडलो. मग त्याने बाकीच्यांना मारून बघितलं. सगळे गावचेच, सगळे पुढेच पडले. शेवटी त्याने टोपी आपटली आणि तसंच ठेवलं. अजूनही जगभरातले राखग्रहाचे भक्त या गोष्टीवर वाद घालतात, की समोरून मार खाल्लेले रक्षक मारणारीच्या पायाशीच का येऊन पडतात. कुणी म्हणतं त्यांच्या ग्रहाचं गुरुत्वाकर्षण वेगळं आहे, कुणी म्हणतं तो मरताना केलेला नमस्कार आहे. आम्ही कधी खुलासा केलेला नाही.

तर अशा या गावाला कळलं की राखग्रहाचा व्हिडिओ गेम येतो आहे आणि त्यातला ग्रह आपल्या नेवेंकाची वेस्ना बनवते आहे. दोन वर्षं आम्ही वाट बघितली. डिसेंबरात तो आला. (आला म्हणजे तारेतून उतरला, त्याला तीन दिवस लागले, आणि त्या तीन दिवसांत गावात दुसऱ्या कुणी इंटरनेटला हात लावायचा नाही असं बार्टीने क्लबाच्या फळ्यावर लिहून ठेवलं होतं.) रविवारी जेवणानंतर सगळा गाव खाणवाल्यांच्या क्लबात जमला. दारावर "स्फोटकं बाहेर ठेवावीत" ही पाटी आहेच, ती त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांनी पाळली. मोठा पडदा लावला. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

वेस्ना, मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. गेम बेकार आहे. माती गाजराच्या हलव्यासारखी केशरी. आपली माती केशरी कधी होती? नायिकेचं चालणं असं की तिच्या बुटात कुणीतरी लाह्या भरल्या असाव्यात. ती प्रत्येक दाराशी तेच एक वाक्य बोलते, "इथे काहीतरी बरोबर नाही," आणि चौथ्या दारापासून अख्खा क्लब तिच्याबरोबर ते म्हणायला लागला. मी माझी वाट बघत होतो. रक्षक आले. एक नाही, चारशे आले. माझा ऊर भरून आला. मग ते जवळ आले आणि बघतो तर चारशेच्या चारशे जणांना बार्टीची हनुवटी. बार्टी सिनेमात रक्षक क्रमांक एकोणीस होता, अर्धा दिसतो, एका दगडामागे. त्याची हनुवटी कुणी, कशासाठी निवडली हा प्रश्न मी तुला या पत्रात विचारणार नाही. तो माणूस त्या दिवसापासून कुणाशीही बोलताना मान तिरकी करून उभा राहतो, उजेड हनुवटीवर पडावा म्हणून. बियर ओततानासुद्धा.

दोन तास आम्ही आळीपाळीने खेळलो आणि शेवटी कुणी काही बोलेना. नेवेंका पहिल्या रांगेत मांडीवर पर्स घेऊन बसली होती, तिला ऐकू जाईल म्हणून सगळे गप्प. तेवढ्यात मिस पेंड्री म्हणाल्या, मी खेळून बघू का. या म्हणजे शाळेतल्या नव्या बाई. ऑक्टोबरात अ‍ॅडलेडहून बदलून आल्या. हुशार, मनमिळाऊ, पण अजून वाऱ्याच्या दिशेला तोंड करून धूळ झटकतात. त्यांनी खेळायला घेतलं. वाळूतून तो सहा पायांचा प्राणी वर आला, बाई दचकल्या, आणि जसा कुणीही परगावचा माणूस करील तसं त्यांनी नायिकेचं तोंड प्राण्याकडेच ठेवून पाऊल मागे टाकलं. नायिका जमिनीतून खाली गेली. सरळ, बादली विहिरीत सोडावी तशी. खाली सगळं पांढरं, आणि ती पडते आहे, पडते आहे.

मग मागच्या बाकावरून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. उभं राहून वाजवली गं. दोन तास बसून बसून ज्याची वाट बघितली ते शेवटी आलं होतं. बार्टी तर गहिवरला. "भोकं!" म्हणाला. "पोरीने भोकं ठेवलीत! तीन सिनेमे झाले, एकानेही भोकं दाखवली नव्हती." ज्या गावाच्या नावाचा अर्थच 'गोऱ्या माणसाचं बीळ' आहे, त्या गावचा ग्रह अखेर भोकांसकट पडद्यावर आला, असं त्याचं त्यावर पाच मिनिटं भाषण झालं. मिस पेंड्रींना सगळ्यांनी समजावलं, बाई, पाऊल मागे कधी टाकायचं नाही. आधी वळायचं, मग बघायचं, मग पळायचं. त्या म्हणाल्या, "पण भोक दिसत नव्हतं हो." त्यावर आम्ही सगळे हसलो. दिसलं असतं तर पडला कशाला असतात?

पुढे महिनाभर गाव तुझा गेम खेळलं. कंटाळवाणा म्हणत म्हणत खेळलं, पण अभिमानाने. एकही जण पडला नाही. तुला आश्चर्य वाटायचं कारण नाही, तू इथलीच आहेस. आपण गाडी मागे घ्यायची तर आधी उतरून मागे बघून येतो. फोटो काढणाऱ्याने "जरा मागे सरका" म्हटलं तर आपण सगळे पाठ फिरवून मागे चालत जातो, परत वळतो, आणि तोवर त्याचा धीर सुटलेला असतो. आपल्याकडे नाचताना जोडप्यातली दोघंही पुढेच जायला बघतात, म्हणून क्लबातला वॉल्ट्झ नवख्याला कुस्ती वाटतो.

मग एक दिवस मिस पेंड्री माझ्याकडे आल्या, तेव्हा नेवेंका तिथेच बसली होती. बाईंचा चेहरा पडलेला. म्हणाल्या, मामा (सगळा गाव मला मामा म्हणतो, तुझ्यामुळे), मी तुम्हाला सांगू की नको कळत नाही, पण ती भोकं मुद्दाम ठेवलेली नाहीत. ती चूक आहे. जग हसतं आहे. मग त्यांनी कागदावर काढून समजावलं. गेम चालणाऱ्याच्या पुढची जमीन तयार करत जातो आणि मागची पुसत जातो, यंत्रावर भार नको म्हणून. वळून बघितलं की मागची जमीन परत तयार होते. पण न वळता पाऊल मागे टाकलं तर तिथे काहीच नसतं. बाई म्हणाल्या, मला एवढंच कळत नाही, वेस्नाने दोन वर्षं ही जमीन तपासली, रोज तीवर चालली, मग तिला हे दिसलं कसं नाही?

मला लगेच कळलं. नेवेंकाला माझ्या आधी कळलं. दोन वर्षं तू त्या ग्रहावर चाललीस, प्राण्यांपासून पळालीस, आणि एकदाही पाऊल मागे टाकलं नाहीस. तुझ्या डोक्यातच आलं नाही. येणार कुठून? तू रांगायला लागलीस तेव्हापासून तुझी आई "आधी वळ, मग बघ, मग पळ" म्हणत आली. इतर आया अंगाई म्हणतात, हिने ते म्हटलं. नेवेंका उठली, पातेलं घासायला घेतलं आणि घासलेलंच पुन्हा घासत राहिली. नंतर मला म्हणाली, "दादा, माझ्यामुळे झालं रे." आणि मग हुकूम निघाला, की गेमचा एक शब्द काढायचा नाही. तेव्हा तुझी आई गेमबद्दल गप्प आहे ती रागाने नव्हे, तिला तुझी शरमही वाटत नाही. तिला वाटतं तुझी नोकरी तिने घालवली. तुला वाटतं तू गावाची अब्रू घालवलीस. दोघी दोन टोकांना फोन धरून बसल्या आहात आणि मधे मी, ज्याला साधी हनुवटी मिळाली नाही.

पण हसतं म्हणजे कोण हसतं, ते तरी बघू म्हणून मी बाईंकडून लोकांच्या तक्रारींचं पान उघडून घेतलं. अगं, काय ती भाषा. नॉर्वेतले एक गृहस्थ, एकोणीस वेळा पडले होते, आणि ते त्यांनी एकोणीस वेळा लिहिलं होतं. मला राहवलं नाही. मी खाली लिहिलं, "महाशय, पडताना आपण कुठे बघत होता? आधी वळा, मग बघा, मग पळा. झ्वोन्को, कूबर पीडी." त्यांनी मला दोन शिव्या दिल्या (बाईंनी भाषांतर करायला नकार दिला, त्यावरून दोन असाव्यात असा अंदाज). चार दिवसांनी त्यांचंच पुन्हा आलं. म्हणे, चिडून का होईना, तसं खेळून बघितलं. पडलो नाही. आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली. प्राण्याकडे पाठ करायची, मागे बघायचं आणि तेवढ्यात तो जवळ येणार, यात जीव घशाशी येतो, हा वेगळाच गेम आहे. मग इतरांनी करून बघितलं. आता त्या पानावर त्याला 'कूबर पीडी पद्धत' म्हणतात. फार नाहीत, दोनशे-अडीचशे लोक असतील, पण ते भांडून सांगतात की हा गेम असाच खेळायचा असतो. क्लबातले म्हातारे दुपारी तिथे बसून जगाला सल्ले देतात. बार्टी प्रत्येक सल्ल्याखाली हनुवटीचा फोटो लावतो.

हे सगळं एकीकडे. आता जे सांगतो त्यासाठी खरं तर कागद घेतला. माझ्या जुन्या खाणीवर मी पर्यटकांना हिंडवतो, तुला माहीत आहे. वर माळावर पाटी आहे, तीवर भोकात पडणाऱ्या माणसाचं चित्र आहे, खाली लिहिलंय: पळू नका, मागे चालू नका. आणि हे लोक काय करतात? ती पाटी पूर्ण फोटोत यावी म्हणून फोन डोळ्यासमोर धरून मागे मागे चालत जातात. पंचवीस वर्षं मी ओरडतो आहे. माझा घसा पाटीपेक्षा जुना झाला. जानेवारीत मला सुचलं, खाणीच्या तोंडाशी, सावलीत, एक जुना पडदा मांडला आणि तुझा गेम लावला. नियम केला: माळावर जायच्या आधी प्रत्येकाने पाच मिनिटं खेळायचं. प्राणी येतो, माणूस पाऊल मागे टाकतो, पडतो. सगळे पडतात. पहिल्यांदा हसतात. दुसऱ्यांदा पडले की हसत नाहीत. मग मी म्हणतो, वर माळावर यातलं सगळं खरं आहे, फक्त प्राणी नाही.

गेल्या गुरुवारी पर्थहून एक बाई आल्या होत्या, माझ्याएवढ्या असतील, नवऱ्याबरोबर. वर गेल्यावर नवरा पाटीशी उभा राहिला, बाईंनी फोन डोळ्यासमोर धरला आणि मागे सरायला पाय उचलला. मी वीस पावलं लांब होतो. वेस्ना, माझ्या तोंडातून आवाज फुटला नाही. पंचवीस वर्षं ओरडलो आणि नेमका तेव्हाच नाही. पण त्या बाई थांबल्या. उचललेला पाय तसाच धरून थांबल्या, फोन खाली केला, आणि वळून बघितलं. दोन पावलांवर भोक होतं, अठ्ठावीस मीटर खोल, मी स्वतः खणलेलं, त्र्याऐंशी साली. बाई खाली बसल्या. नवरा खाली बसला. मीही खाली बसलो. बाई म्हणाल्या, "मघाशी त्या खेळात मी पडले नसते ना, तर आत्ता पडले असते." मग त्यांनी विचारलं, तो खेळ कुणी बनवला. मी म्हटलं, माझ्या भाचीने, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुळीवर ढकललं.

तेव्हा लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. गेम बेकार आहे हे मी वर लिहिलंच आहे आणि ते मागे घेत नाही. माती केशरी आहे, नायिका लाह्यांवर चालते. पण जमीन, वेस्ना, जमीन तू आपली बनवलीस. न कळत बनवलीस हे खरं, पण आपल्यातल्या कुणाला ओपल कळून सापडला आहे? ज्याने बघून खणलं त्याला माती मिळाली, आणि ज्याचं फावडं घसरलं त्याला ओपलचा रंग दिसला. पुढचा ग्रह तू कळून बनव. दवाखान्यात कुणीही बसेल.

मला स्वतःला काही नको. तू नीट जेव, अंगावर दुखणं काढू नकोस, आणि कुणी हसलं तर त्याला कूबर पीडीला पाठव, मी त्याला माळावर फिरवून आणतो.

तुझा,
झ्वोन्कोमामा

ता.क. मला काही नको असं वर लिहिलं, ते शिष्टाचाराला धरून होतं. एक पाहिजे. मार्चच्या पहिल्या सोमवारी तुमची दुरुस्ती येणार आणि सगळी भोकं बुजणार. त्याआधी भोकांसकट असलेला गेम एका डबीत भरून माझ्यासाठी राखून ठेव. बुजवलेल्या जमिनीचा मला उपयोग नाही. पोस्टाने पाठवू नकोस, ईस्टरला स्वतः घेऊन ये, ही वस्तू नाजूक असते असं मी ऐकलं आहे.

ता.क. २. आणि बनवणाऱ्यांपैकी कुणी ओळखीचं असेल तर दुरुस्तीच्या ओघात चारशेपैकी एका रक्षकाला माझी हनुवटी बसते का बघ. सोबत फोटो जोडला आहे, डावीकडून. एकच पुरे. क्रमांक सहा.

ता.क. ३. दातांच्या दवाखान्याच्या अर्जात तू चौकशीसाठी माझं नाव दिलं होतंस, हे मला कळवलं असतंस तर बरं झालं असतं. सोमवारी त्यांचा फोन आला. मुलगी कशी आहे विचारलं. मी खोटं बोलत नाही, तुला ठाऊक आहे. म्हटलं, कष्टाळू, प्रामाणिक, आयुष्यात कधी मागे हटली नाही, आणि त्यामुळेच तिने केलेल्या जमिनीतून आजवर लाखभर लोक खाली गेले आहेत. पलीकडच्या बाई म्हणाल्या, आम्ही कळवू. मला वाटतं ते कळवणार नाहीत. रागावू नकोस. रागावलीस तर फोन करून रागाव.

ता.क. ४, दुसऱ्या हाताने.

वेस्ना, आई लिहिते आहे. दादाने पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, त्याला वाटतं मी वाचत नाही. सगळं वाचलं. गुडघा उजवा आहे.

तुझा गेम मी डिसेंबरपासून खेळते. दुपारी, तो खाणीवर गेला की. दोनदा पूर्ण केला, एकदाही पडले नाही. काल मी मुद्दाम उभी राहिले, प्राणी आला, आणि पाऊल मागे टाकलं. सहासष्ट वर्षांत पहिल्यांदा. अंगठा बटण दाबेना, मग तो दुसऱ्या हाताने दाबला. पडले. खाली सगळं पांढरं आहे. भीती वाटली. मग पडद्यावर विचारलं, पुन्हा सुरू करायचं का. हो म्हटलं, आणि मी होते तिथेच उभी होते, काही लागलं नव्हतं. मग संध्याकाळपर्यंत पडतच राहिले. सत्तावीस वेळा.

मी तुला पडू नको एवढंच शिकवलं. ते चुकीचं नव्हतं, इथे तेच शिकवावं लागतं. पण ते इथल्यापुरतं होतं, बाळा. तुझ्या कामात पडलं तर पुन्हा उभं राहता येतं हे मला माहीत नव्हतं, माहीत असतं तर तेही शिकवलं असतं.

रविवारी तीन वाजता फोन करीन. नाही उचललास तर पुन्हा करीन, आणि मग पुन्हा. मला आता सवय झाली आहे.